आईला तिकडे न्यावे काय?



मागच्या महिन्यात आपल्या धर्मग्रामातील एका मुलीचा इंग्लंडहून फोन आला. ती तिकडे एका इस्पितळात वृद्धांच्या वॉर्डात नर्स आहे. बरीच वर्षे झाली, आता तिथली नागरिकही झाली आहे. आई इथे एकटी राहते. "फादर, एक पत्र पाहिजे," ती म्हणाली. "आईला स्वतःचं काही करता येत नाही, तिला बघायला इथं कोणी नाही, असं चर्चच्या कागदावर लिहून शिक्का मारून द्या. वकिलानं मागितलंय."

आम्ही हो म्हटले. बाप्तिस्म्याचा दाखला, शाळेसाठी शिफारस, अशी पत्रे मागायला लोक येतच असतात. पण रात्री लिहायला बसलो आणि पेन अडले. त्याच सकाळी आम्ही त्या माउलीला पाहिले होते. वय चौऱ्याहत्तर, गुडघे धरलेले, एका डोळ्याने कमी दिसते. तरी मिस्साच्या अर्धा तास आधी येऊन वेदीवरच्या फुलदाण्यांचे पाणी तीच बदलते, आणि आम्ही उशीर केला तर तसे बोलूनही दाखवते. तिच्याबद्दल "स्वतःचे काही करता येत नाही" हे वाक्य लिहायचे कसे? (ती कोण हे पुष्कळांच्या ध्यानात येईल. तिची हरकत नाही, फक्त नाव छापू नका असे तिने बजावले आहे.)

मुलगी खोटे बोलत होती असे कोणी समजू नये. तिला हे वाक्य शिकवले आहे ते तिकडच्या कायद्याने. ९ जुलै २०१२ पासून ब्रिटनचा नियम असा आहे, की आईवडिलांना कायमचे आणायचे असेल तर वयामुळे, आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे त्यांना रोजच्या कामांतही, म्हणजे अंघोळ, कपडे, स्वयंपाक यांतही, दुसऱ्याच्या हाताची दीर्घकाळ गरज आहे हे दाखवावे लागते. तेवढ्याने भागत नाही. मुलाने पैसे पाठवूनसुद्धा अशी सेवा मायदेशी मिळू शकत नाही, मिळाली तर परवडत नाही, किंवा ती करायला योग्य माणूसच नाही, हेही सिद्ध करावे लागते. त्यापूर्वी नियम सैल होता. पासष्ट वर्षांवरील, मुलांच्या पैशावर जगणाऱ्या आणि जवळचे कोणी नसलेल्या आईबापांना वाट होती. आता अर्जाची फीच तीन हजार पौंडांच्या वर आहे, आणि पाच वर्षे सरकारी मदतीवाचून आईला सांभाळीन असे लिहून द्यावे लागते ते वेगळेच.

म्हणजे जी मुलगी महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवते, मोलकरीण लावून देते, शेजाऱ्यांशी संबंध राखते, तिचा अर्ज तितका दुबळा. जिने आईला वाऱ्यावर सोडले तिचा बळकट! कायदा करणाऱ्यांना असा उलटा न्याय अभिप्रेत नसेल. इस्पितळांचा आणि सेवेचा खर्च कोण भरणार हे विचारण्याचा कोणत्याही देशाला अधिकार आहे, हेही आम्हांला मान्य आहे. पण परिणाम असा झाला खरा.

इतर देशांची तऱ्हा निराळी. अमेरिकेत एकवीस वर्षांवरील नागरिकाला आईवडिलांसाठी अर्ज करता येतो आणि त्याला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. पण ग्रीन कार्डवाल्याला तो करता येत नाही, आणि लातूर-नांदेडकडची जी इंजिनिअर पोरे तिकडे गेली त्यांतली कित्येक अजून ग्रीन कार्डाच्याच रांगेत आहेत. त्यांच्या आईने पाहुणी म्हणून जायचे, बहुधा सहा महिन्यांसाठी. कॅनडाच्या 'सुपर व्हिसा'वर २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षे राहता येते, पण एक लाख डॉलरचा आरोग्यविमा काढून. ऑस्ट्रेलियात आईवडिलांच्या साध्या व्हिसाची रांग तीस वर्षांच्या घरात गेली आहे. सत्तरीच्या माणसाला तीस वर्षे थांबा म्हणायचे!

ब्रिटनची एक गोष्ट मात्र आम्हांला अस्वस्थ करते. २०२२ मध्ये त्या देशाने आपल्या म्हाताऱ्यांच्या सेवेसाठी परदेशांतून माणसे बोलावली. मार्च २०२४ पासून अशा नव्या सेवकांना नवरा, बायको, मुलेही आणता येणार नाहीत असे ठरवले, आणि जुलै २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या नव्या सेवकांना दारच बंद केले. आईबापांचा तर प्रश्नच नव्हता. दुसऱ्याच्या आईला न्हाऊ घालणारे हात हवेत, त्या हातांना स्वतःची आई असते ही गोष्ट नको.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास यांचे एक प्रकरण आम्ही परीक्षेपुरते वाचले होते. या पत्रामुळे ते पुन्हा काढले. ते म्हणतात, आईवडिलांचे आपल्यावर दोन प्रकारचे देणे असते. एक, ते आईवडील आहेत एवढ्याच कारणाने: मान आणि सेवा. दुसरे, त्यांच्यावर काही प्रसंग आला म्हणून: आजारी पडले तर भेट आणि औषधपाणी, गरिबी आली तर अन्नवस्त्र. पहिले देणे कायमचे आहे, दुसरे प्रसंगाने येते. आता त्या अर्जाकडे पाहा. त्याला दुसरे देणे तेवढे कळते. आई अंथरुणाला खिळल्याशिवाय त्याला ती दिसतच नाही. कायद्याची नजर तेवढीच पोहोचते म्हणावे आणि सोडून द्यावे. धोका पुढे आहे. असा अर्ज भरता भरता मुलांचीही नजर तशीच होते, आई म्हणजे सोय लावण्याची एक बाब होऊन बसते. आम्ही फोनवर विचारले, "आई काय म्हणते?" मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तिला काय विचारायचं फादर? तिच्या भल्यासाठीच चाललंय ना."

भल्यासाठी माणसे हलवणे म्हणजे काय, हे किल्लारीला कोणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन छप्पन्नला धरणी हलली, जवळजवळ आठ हजार माणसे गेली, आणि पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. दगडमातीच्या भिंतींखाली माणसे चिरडली होती, तेव्हा पक्की घरे हवीच होती. त्या घरांबद्दल आम्ही कृतघ्न नाही. पण जमिनीच्या हिशेबाने कोणाला २५०, कोणाला ४००, कोणाला ७५० चौरस फुटांचे घर मिळाले, सरळ रेषेत रस्ते आखले गेले, आणि ज्यांच्या भिंती एकमेकींना चिकटून होत्या ते शेजारी पांगले. शेत लांब गेले. घर मिळाले पण ओटा गेला, असे म्हणणारी म्हातारी माणसे आम्हांला अजून भेटतात. भिंतीइतकीच त्या ओट्यालाही माणसाला जगवण्याची ताकद होती, हे नकाशावर कसे दिसावे?

ही माउली त्यांपैकीच. त्या पहाटे तिचा नवरा आणि थोरला मुलगा गेला. मुलगी आठ वर्षांची, तेवढी हाती लागली. तिला सिस्टरांच्या बोर्डिंगमध्ये ठेवून, लोकांच्या रानात खुरपून तिने शिकवले. मुलीच्या मनावर केवढे ओझे असेल! तिकडे रात्री फोन वाजला की छातीत धस्स होते, असे ती म्हणते. इथे एकटी राहणारी म्हातारी माणसे पडतात, दार आतून बंद असते, सकाळी दूधवाल्याला कळते. अशी मयत आम्ही केली आहे. तेव्हा "आईने आपल्या मातीतच राहावे" असे म्हणणे आम्हांला सोपे वाटत नाही. ते बहुधा सांभाळणे ज्यांच्यावर आलेले नसते तेच म्हणतात.

पवित्र शास्त्रात अशा बोलावण्याची एक मोठी गोष्ट आहे. मिसर देशी मोठ्या पदावर चढलेल्या योसेफाने दुष्काळात आपल्या बापाला, याकोबाला, बोलावून घेतले. राजाची परवानगी होती, आणायला गाड्या गेल्या. म्हातारा निघाला, पण बैरशेबाला थांबला, देवाला यज्ञ केला, आणि मिसरात जायला भिऊ नको असे देवाने त्याला रात्री सांगितले तेव्हाच पुढे गेला. म्हणजे भीती होती. योसेफाजवळ तो सतरा वर्षे जगला. योसेफ विकला गेला तेव्हा तोही सतराच वर्षांचा होता. बापाने जेवढी वर्षे मुलाला पोसले तेवढीच मुलाने बापाला पोसले. पण दोन गोष्टी नजरेआड करू नयेत. याकोब एकटा गेला नाही. त्याच्या घराण्याची सत्तर माणसे मिसरात आली, आणि गुरेमेंढरे पाळता येतील असा गोशेन प्रांत त्यांना मिळाला. म्हणजे त्याचा ओटाच उचलून नेला! आजचा व्हिसा एका जिवाला मिळतो. आणि दुसरी, मरायच्या आधी याकोबाने मुलाकडून शपथ घेतली की मला इथे पुरू नकोस, माझ्या पूर्वजांकडे ने. योसेफाने ते पाळले.

याच्या उलटही गोष्ट आहे. रूथ आपला मवाब देश सोडून म्हाताऱ्या सासूच्या गावी, बेथलेहेमला गेली. मुलांनी परत यावे हा पर्याय आजकाल कोणी कागदावरही मांडत नाही. तो काढला की आईच आधी नको म्हणते.

इथे आमच्याबद्दलही बोलले पाहिजे, नाहीतर तो ढोंगीपणा होईल. अक्विनास त्याच प्रकरणात म्हणतात, की मुलाच्या आधारावाचून आईबाप जगूच शकत नसतील तर त्यांना सोडून त्याने मठात जाऊ नये. आम्ही सेमिनरीत गेलो तेव्हा हे वाक्य माहीत नव्हते, आणि पुढे माहीत झाले तेव्हा घरी मोठा भाऊ होता. आमची आई शेवटची चार वर्षे अंथरुणावर होती. आम्ही वर्षातून दोनदा जाऊन आशीर्वाद देऊन येत होतो. चौथी आज्ञा आमच्या वतीने आमच्या वहिनीने पाळली. देवाला वाहिले आहे असे म्हणून आईबापांचा वाटा बुडवणाऱ्यांना प्रभू येशूने कडक शब्दांत फटकारले, तो भाग वेदीवर वाचताना आमचा आवाज खाली येतो.

आपल्या देशाने २००७ मध्ये आईवडिलांच्या आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचा कायदा केला. तो परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे, आणि त्या कायद्यात महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार रुपयांचा निर्वाह ठरवता येतो. पैसे लागतातच. पण या मुलीचे पैसे कधी चुकले नव्हते.

शेवटी आम्ही पत्र लिहिले, जे पाहिले तेवढेच. गुडघ्यांचे, डोळ्यांचे, न्हाणीत दोनदा पडल्याचे, रात्री झोप नसल्याचे. आणि मुलगी जवळ असावी हे आम्हांला योग्य वाटते असे. मग ते घेऊन तिच्या घरी गेलो. तिने चहा ठेवला. आम्ही वाचून दाखवले. न्हाणीचा भाग आला तेव्हा ती लाजली, "ते बी लिवलं का?" म्हणाली, पण राहू द्या म्हणाली. "येथे त्यांना बघणारे कोणी नाही" या ओळीला मात्र तिने हात वर केला.

"हे काडा फादर. कोनी नाई कसं? शेजारची सून रोज रातच्याला डोकावून जाती. तिनं आयकलं तर काय वाटंल तिला?"

आम्ही सांगितले, बाई, कायद्याला हीच ओळ पाहिजे. ती काढली तर कागद फुकट जाईल.

"जाऊ द्या मग," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "जायला मी नाई म्हनत नाई. लेकीच्या हातचं दोन घास खावं वाटतंय. पन तिथं ती कामाला गेल्यावर मी कुनाशी बोलू? आन् मेले तर हितं आनून घालशील का म्हनून तिलाच इचारायचंय मला. फोनवर इचारायची गोष्ट नाई ती."

निघताना दारात तिने आणखी एक विचारले. "ती ज्या म्हाताऱ्यांचं करती, त्यांची लेकरं कुठं असत्यात?" आम्हांला उत्तर देता आले नाही.

मुलगी नाताळच्या रजेला येणार आहे. तोवर पत्र आमच्या टेबलाच्या खणात आहे, त्या एका ओळीवर रेघ मारलेली, शिक्का न मारलेले.