सांतोरिनीचा आंबटपणा

एजियन समुद्रातल्या सांतोरिनी बेटावर असिर्तिको नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन होते. कोरडी, लख्ख आंबट, घोट गिळल्यावर जिभेवर खारट छटा ठेवणारी. तिच्याबरोबर काय खावे, या प्रश्नाला एक ठरलेले उत्तर मिळते: बेटावरचेच खावे, कारण तिथली माणसे हजारो वर्षे हेच एकत्र खात-पीत आली आहेत. यातला सल्ला मला पूर्ण पटतो. कारण मात्र खरे नाही, आणि ते बाजूला सारल्याशिवाय या वाईनचे मोल कळत नाही.

प्राचीन ग्रीक मेजवानीत जेवण आणि मद्यपान हे दोन वेगळे प्रसंग असत. आधी जेवण उरके, मेजे उचलली जात, हात धुतले जात आणि मग मोठ्या पात्रात पाणी मिसळलेली वाईन फिरे. सोबत असे ते सुका मेवा, फळे असले किरकोळ खाणे. माशाचा घास आणि वाईनचा घोट यांची जोडी जमवावी, हा त्या बैठकीचा हेतूच नव्हता. सांतोरिनीचे म्हणाल, तर हे बेट दीर्घकाळ ओळखले गेले ते गोड वाईनसाठी. द्राक्षे उन्हात वाळवून केलेली व्हिन्सांतो जहाजांनी रशियाला जाई आणि तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या विधींत वापरली जाई. घरी प्यायची ती ब्रुस्को: उशिरा तोडलेल्या, पुरत्या पिकलेल्या द्राक्षांची, रांगडी आणि चढणारी. आज जिच्यामुळे बेटाचे नाव जगभर घेतले जाते ती ताजी, धारदार वाईन 1980 च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आली. बुतारी या मोठ्या ग्रीक कंपनीने 1989 मध्ये बेटावर वायनरी उघडली. द्राक्षे लवकर तोडणे, रस थंड राखता येईल अशा पोलादी टाक्यांत आंबवणे, असे बदल झाले. 1991 मध्ये गणिताचे शिक्षक असलेल्या पारिस सिगालास यांनी आपली वायनरी सुरू केली. म्हणजे ज्या जोडीला आपण पुराणकाळाचे नाते समजतो, ती आजच्या रूपात जेमतेम चाळीस वर्षांची आहे.

एवढ्या थोड्या काळात ती इतकी पक्की कशी जुळली? माझे उत्तर असे, की वाईन नवी असली तरी तिच्यातला आंबटपणा आणि ताटातले पदार्थ एकाच टंचाईतून आलेले आहेत.

कांस्ययुगात इथे झालेल्या प्रचंड ज्वालामुखी उद्रेकाने बेटाचा मधला भाग समुद्रात गेला आणि उरलेल्या जमिनीवर राख, प्युमिस आणि लाव्हाच्या खड्यांचा जाड थर बसला. या मातीत सेंद्रिय अंश नगण्य, चिकणमाती जवळपास नाही. उन्हाळ्यात पाऊस नसतो आणि उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा जोरात वाहतो. म्हणून वेल वर चढवत नाहीत. छाटणीच्या वेळी काड्या एकमेकींत गुंफून जमिनीलगत टोपली विणतात आणि घड त्या टोपलीच्या आत वाढतात, वाऱ्यापासून आणि उन्हापासून झाकलेले. रात्री समुद्रावरून येणारा ओलावा सच्छिद्र प्युमिस शोषून घेतो आणि दिवसा वेलीला पुरवतो. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला मांडवाशिवायची, ठिबकाशिवायची द्राक्षबाग पाहून नवल वाटेल. त्याहून मोठे नवल हे, की इथल्या वेली कलमी नाहीत. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने युरोपातल्या द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हापासून जगात बहुतेक ठिकाणी अमेरिकी खुंटावर कलम करावे लागते. आपल्याकडे डॉगरिज खुंट वापरतात. सांतोरिनीच्या राखेत ती कीड तग धरू शकली नाही. वेल म्हातारी झाली की ती बुंध्याशी छाटतात आणि त्याच मुळातून नवी फूट घेतात, त्यामुळे वरच्या वेलीपेक्षा खालची मुळे कितीतरी जुनी असतात.

उष्ण हवेत द्राक्ष पिकताना साखर वाढते आणि आंबटपणा उतरतो. असिर्तिकोचा गुण हा, की एवढ्या उन्हात साखर भरूनही आंबटपणा टिकतो. हा गुण वाणात आहे. मातीत पोटॅशियम कमी असल्याचाही त्याला हातभार लागतो.

आता त्याच राखेतून ताटात काय येते ते पाहा. लॅथिरसच्या एका स्थानिक जातीची पिवळी डाळ, जिला तिथे फावा म्हणतात; ती शिजवून घोटतात आणि वर कच्चा कांदा, केपर आणि ऑलिव्ह तेल घालतात. पाणी न देता वाढवलेले जाड सालीचे छोटे टोमॅटो, ज्यांची पुदिना आणि कांदा घालून भजी करतात. भाजलेला ऑक्टोपस, व्हिनेगरात मुरवलेली छोटी मासळी, लिंबू आणि तेल फेटून ओतलेला भाजका मासा. पाण्याच्या टंचाईमुळे चवी आटून दाट झाल्या आहेत आणि त्यांना मीठ, तेल नि आंबट यांचीच जोड आहे.

अशा ताटाशी मवाळ वाईन टिकत नाही. पदार्थ वाईनपेक्षा आंबट असला, की जिभेला वाईनचा आंबटपणा जाणवेनासा होतो आणि ती पाणचट लागते. टोमॅटो आणि लिंबासमोर बऱ्याच पांढऱ्या वाईन याचमुळे हरतात. असिर्तिको उभी राहते. मीठ तिची धार थोडी बोथट करते, तेव्हा आत दडलेली फळाची चव वर येते. तेलाचा लेप जिभेवर बसला असताना आंबट घोटाने लाळ सुटते, तोंड मोकळे होते आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. माशाचा वास ज्या अमाइन द्रव्यांमुळे येतो, ती आम्लाशी संयोग पावली की हवेत उडत नाहीत. माशावर लिंबू पिळण्यामागचे रसायन हेच, कोकमाच्या आगळात मासे मुरवणाऱ्या कोकणी स्वयंपाकघरालाही ते चांगले ठाऊक आहे. घोटाने तेच काम होते.

माशाबरोबर पांढरीच वाईन, हा नियमही तपासून पाहायला हवा. जपानच्या मर्सियन कंपनीतल्या संशोधकांनी 2009 मध्ये अनेक लाल आणि पांढऱ्या वाईन सुक्या शिंपल्यांबरोबर चाखवल्या. तोंडात मागाहून येणाऱ्या मासळीच्या उग्र वासाचे मूळ त्यांना वाईनमधल्या लोहात सापडले. लोह जास्त तर वास जास्त; रंग हा त्यातला दुय्यम भाग. मला हे संशोधन फार महत्त्वाचे वाटते, कारण पिढ्यान्पिढ्या पाठ केलेल्या नियमामागचे कारण त्याने हाती दिले, आणि कारण कळले की नियम कुठे लागू होत नाही तेही कळते.

असिर्तिको कुठे चालत नाही, हे त्यामुळेच स्पष्ट सांगता येते. तिच्यात मद्यार्क बहुधा तेरा-चौदा टक्के असतो आणि मद्यार्क तिखटाची आग वाढवतो. झणझणीत मालवणी कालवणाबरोबर ती घेऊ नये. दोघांचेही नुकसान होते आणि तिथे सोलकढीला तोड नाही. तिखट हात आखडून रव्यात तळलेले बोंबील, वर मीठ आणि लिंबू, किंवा नुसत्या लसणात परतलेली कोळंबी असेल तर खुशाल घ्यावी. गोडसर चटण्यांपासून ती दूर ठेवावी. बर्फासारखी गार करू नये. दहा-बारा अंशांवर तिची चव उघडते.

या जोडीवर खरे संकट आहे ते जमिनीचे. सांतोरिनीची वस्ती सुमारे 15 हजारांची आणि वर्षाला येणारे पर्यटक तीस लाखांहून अधिक. जिथे वेलींच्या टोपल्या होत्या, तिथे खोल्या आणि पोहण्याचे तलाव बांधले तर कितीतरी जास्त पैसा मिळतो. त्यात 2023 आणि 2024 च्या दुष्काळी हंगामांत पीक फारच कमी आले. या वेली वाकून, हातांनीच विणाव्या आणि तोडाव्या लागतात. ते काम करणारी माणसे घटत आहेत. बाटली महाग झाली अशी तक्रार ऐकू येते. माझ्या मते तिची किंमत योग्य आहे, कारण शेतकऱ्याला जमीन विकण्यापेक्षा राखणे परवडेल असा दुसरा मार्ग दिसत नाही.

सांतोरिनीला जाणार असाल, तर इया गावातला सूर्यास्त पाहाच. पण त्याआधी दुपारी मेगालोहोरी किंवा पिर्गोसच्या आसपासच्या बागांत जा, जमिनीला टेकलेल्या त्या वेली पाहा, फावा आणि टोमॅटोची भजी मागवा आणि वाईन बेटावर पिकलेल्या द्राक्षांचीच घ्या.