एकशे त्रेसष्टावा सामना

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ एका हंगामात १६२ साखळी सामने खेळतो. मार्चअखेरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत, जवळजवळ रोज. एवढे सामने असले की एकेकाला किंमत ती काय उरणार? २००१ मध्ये सिॲटल मरिनर्सनी ११६ सामने जिंकून सर्वाधिक विजयांच्या विक्रमाची बरोबरी केली, तेव्हाही ते ४६ वेळा हरलेच होते. मे महिन्यातल्या कुठल्याशा मंगळवारी आपला संघ हरला म्हणून बेसबॉलचा मुरलेला चाहता जेवण टाकत नाही. टीव्ही बंद करतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावतो. आयपीएलच्या साखळीत सामने असतात १४. तिथला एक पराभव चार दिवस सलतो. बेसबॉलमध्ये सलायला सवडच मिळत नाही.

सप्टेंबर लागला की मात्र हाच चाहता मागचं सगळं उकरून काढतो. मेमधला तो मंगळवार त्याला आता नेमका आठवतो. तीन धावांची आघाडी होती, शेवटच्या डावात घालवली, तो सामना हातात असता तर आज आपण एका सामन्याने पुढे असतो! घडलं तेव्हा ज्याला काडीचं महत्त्व नव्हतं, ते चार महिन्यांनी निर्णायक ठरतं. शर्यतीची खरी गंमत मला इथे वाटते. सर्वोत्तम संघ कोण, हे ठरायला १६२ सामने लागत नाहीत आणि पुष्कळदा तेवढ्यांतूनही ते ठरत नाही. पण सहा महिन्यांच्या कंटाळवाण्या रोजच्या रहाटीला शेवटच्या पंधरा दिवसांत मागाहून अर्थ येतो. तो अर्थ ज्याने कंटाळा सोसला त्यालाच पुरता कळतो. ऑक्टोबरमध्ये नवी टोपी घालून येणाऱ्या हौशी प्रेक्षकाला नाही.

या दिवसांत ‘मॅजिक नंबर’ नावाची एक आकडेमोड चालते. १६३ मधून आघाडीवरच्या संघाचे विजय वजा करायचे आणि पाठलाग करणाऱ्याचे पराभवही वजा करायचे. ८८ विजय आणि ६८ पराभव असतील तर उरले सात. आपण जिंकलो की आकडा एकाने उतरतो आणि दूर कुठेतरी प्रतिस्पर्धी हरला तरी एकानेच उतरतो. म्हणजे अर्धा हिशेब परक्यांच्या हाती. म्हणून बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये लोक समोरच्या खेळावरची नजर काढून डावीकडच्या भिंतीकडे पाहतात. तिथल्या हाताने आकडे बदलायच्या फलकावर इतर शहरांतले धावफलक लागतात. ज्या संघांशी आपलं वर्षभर काही देणंघेणं नव्हतं, त्यांच्यासाठी माणसं देव पाण्यात घालून बसतात.

हे परावलंबन २८ सप्टेंबर २०११ च्या रात्री जसं दिसलं तसं क्वचितच दिसलं असेल. प्लेऑफच्या एका जागेच्या शर्यतीत महिन्याच्या सुरुवातीला बॉस्टन रेड सॉक्स टॅम्पा बे रेजच्या नऊ सामने पुढे होते. त्या महिन्यात बॉस्टनने २७ पैकी २० सामने गमावले. शेवटच्या दिवशी दोघे बरोबरीत, ९० विजय आणि ७१ पराभव. बॉस्टनची गाठ बाल्टिमोरशी होती, म्हणजे विभागातल्या तळाच्या संघाशी. टॅम्पाची गाठ न्यूयॉर्क यांकीजशी होती, आणि आठव्या डावापर्यंत टॅम्पा ०–७ असा मागे. बाल्टिमोरमध्ये पावसाने तासाभराहून जास्त वेळ खेळ थांबला तेव्हा बॉस्टन ३–२ पुढे होता. बॉस्टनच्या लोकांनी तेवढ्या वेळात झोपायला जायचा विचार केला असेल तर त्यांना दोष देता येणार नाही.

पुढे जे झालं ते कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं. टॅम्पाने आठव्या डावात सहा धावा काढल्या. नवव्यात दोन बाद, दोन स्ट्राइक, आणि फलंदाज डॅन जॉन्सन, ज्याची त्या मोसमातली सरासरी होती .१०८. एवढ्या सरासरीवर माणसाला सहसा घरी पाठवतात. त्याने होम रन मारून बरोबरी केली. तिकडे बाल्टिमोरमध्ये जोनाथन पॅपलबॉनने नवव्या डावात दोन गडी बाद केले होते आणि बेसवर कोणी नव्हतं. तिथून लागोपाठ तीन फटके बसले. शेवटचा रॉबर्ट अँडिनोचा. तो झेलायला डावीकडून घसरत आलेल्या कार्ल क्रॉफर्डच्या हाती चेंडू लागला नाही. क्रॉफर्ड त्याच वर्षी टॅम्पा सोडून मोठ्या करारावर बॉस्टनला आलेला. बॉस्टन ३–४ हरला आणि अवघ्या तीन-चार मिनिटांत टॅम्पाच्या इव्हान लाँगोरियाने बाराव्या डावात होम रन मारून सामना ८–७ असा संपवला. त्याच रात्री अटलांटाही फिलाडेल्फियाकडून तेराव्या डावात हरून बाहेर पडला. ऑगस्टच्या अखेरीस अटलांटा ज्यांच्या दहा सामने पुढे होता, त्या सेंट लुईस कार्डिनल्सनी त्याची जागा घेतली आणि महिनाभरात वर्ल्ड सिरीजही जिंकली.

ही रात्र शक्य झाली ती ‘वाइल्ड कार्ड’मुळे, म्हणजे विभाग न जिंकताही मिळणाऱ्या जागेमुळे. जुन्या पठडीतल्या लोकांना ती मुळातच मान्य नव्हती. १९९३ चा हंगाम त्या जागेविनाचा शेवटचा. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी १०३ सामने जिंकले, अटलांटाने १०४, आणि १०३ वाले घरी गेले. त्या शर्यतीत क्रौर्य होतं, पण तोलामोलाच्या दोन संघांची ती झुंज होती. आता ३० पैकी १२ संघ प्लेऑफमध्ये जातात आणि सप्टेंबरातली चढाओढ पुष्कळदा मध्यम प्रतीच्या संघांत लागते. तरी मी सरसकट जुन्यांच्या बाजूचा नाही. ११६ सामने जिंकणाऱ्या त्या सिॲटलला पुढची दोन दशकं प्लेऑफ दिसला नाही. ३० सप्टेंबर २०२२ च्या रात्री कॅल रॅलीने नवव्या डावात दोन बाद असताना मारलेल्या होम रनने तो दुष्काळ संपवला, तोही वाइल्ड कार्डच्याच वाटेने. शाळकरी वयात आशा लावून बसलेली मुलं तोवर नोकरीला लागली होती. त्यांच्यापुढे उभं राहून ‘ही जागा खोटी’ असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. साखळीअखेर दोन संघ बरोबरीत राहिले तर पूर्वी निकाल मैदानावर लागत असे. १९५१ मध्ये जायंट्स आणि डॉजर्स तीन सामन्यांची मालिका खेळले, आणि बॉबी टॉमसनचा होम रन त्यातूनच आला (जायंट्स दुर्बिणीतून प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरत होते हे पन्नास वर्षांनी छापून आलं, ते असो). १९७८ मध्ये फेनवेवर १६३वा सामना झाला आणि वर्षभरात चारच होम रन मारलेल्या बकी डेंटच्या पाचव्याने बॉस्टनचं काळीज फाडलं. २०२२ पासून हे बंद. आता आपापसातल्या सामन्यांचा जुना हिशेब काढून कागदावर निकाल लावतात.

या नियमाची एक बाजू मला खोडता येत नाही: जूनमधल्या विसरलेल्या सामन्याला त्याने खरंच वजन दिलं. पण वागण्यात काय उतरतं ते पाहा. २०२४ मध्ये वादळामुळे मेट्स आणि अटलांटाचे दोन सामने मागे पडून एकाच सोमवारी आले. ॲरिझोनाची साखळी आदल्या दिवशीच संपलेली. मेट्स आणि अटलांटा यांपैकी कोणीही दोन्ही सामने जिंकले तर ॲरिझोना आत. पहिला सामना मेट्सनी ८–७ असा जिंकला आणि दुसरा जिंकण्याची त्यांना गरजच उरली नाही. तो अटलांटाने ३–० असा घेतला. तिन्ही संघांचे ८९ विजय, ७३ पराभव. बाहेर गेला टीव्हीपुढे बसलेला ॲरिझोना. २०२५ मध्ये सिनसिनाटी आणि मेट्स ८३ विजयांवर बरोबरीत आले. शेवटच्या दिवशी दोघेही हरले, आणि सिनसिनाटी हरूनही आत गेला.

सहा महिने रोज खेळायचं, आणि नेमकं ज्या दिवशी खेळायला हवं त्या दिवशी वही उघडायची, हे मला पटत नाही. १६३वा सामना परत आणावा. वेळापत्रकात जागा नाही हे कारण फार टिकणारं नाही: २०१८ मध्ये १ ऑक्टोबरला असे दोन सामने झाले, एक शिकागोत आणि एक लॉस एंजेलिसमध्ये, आणि दुसऱ्याच दिवशी प्लेऑफ सुरू झाले.