नवी चेन, जुने दाते



माझी मोटारसायकल तुमच्यापैकी अनेकांना आवाजावरूनच ओळखू येते. २००३ सालची हिरो होंडा स्प्लेंडर. गेल्या महिन्यात तो आवाज जरा जास्तच वाढला. पुलाचा चढ लागला की 'खट्‌' करून चेन दात्यांवरून उडायची. मी गॅरेजमध्ये गेलो आणि पैसे वाचवण्याच्या बेताने म्हणालो, "चेन तेवढी बदलून दे. बाकीचं राहू दे."

मेकॅनिकने चेनकव्हर काढले. या गाडीची चेन पूर्ण झाकलेली असते, त्यामुळे आतली दुर्दशा बाहेरून दिसत नाही आणि माझ्यासारख्या माणसाला तेल घालायची आठवणही होत नाही. मागच्या स्प्रॉकेटचे दाते एका बाजूने झिजून आकड्यासारखे झाले होते. तो म्हणाला, "फादर, नुसती चेन टाकतो, पण हे दाते तिला खाऊन टाकतील. थोड्या दिवसांनी परत इथेच याल."

चेन सैल पडली की आपण म्हणतो ती 'ताणली'. पण लोखंडाच्या पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यात एक पिन आणि एक बुश असतो. धूळ आणि तेलाचा अभाव यांमुळे तिथे केसभर झीज होते. नव्या चेनमध्ये एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर १२.७ मिलिमीटर. अशा शंभर कड्यांची लांबी १२७ सेंटिमीटर. ती अडीच सेंटिमीटरने वाढली, म्हणजे शेकडा दोन, की चेन संपली असे समजायचे. गंमत पुढेच आहे. चेन झिजते तसे दातेही तिच्या मापाने झिजतात आणि ती दोघे बराच काळ एकमेकांना सांभाळून घेतात. नवी चेन मापात चोख असते, म्हणूनच ती त्या दात्यांत नीट बसत नाही. सगळा भार एकदोन दात्यांवर येतो आणि चांगली चेन वेळेआधीच खराब होते.

स्टुलावर बसल्या बसल्या मला एक गृहस्थ आठवले. (पूर्वीच्या एका धर्मग्रामातले, आणि हे पापनिवेदनातले नव्हे, ओटीवरचे बोलणे.) व्यसनमुक्ती केंद्रातून ते स्वच्छ होऊन घरी आले. मी त्यांना म्हणालो होतो, "आता सगळं तुमच्या निश्चयावर आहे." तीन महिन्यांत ते पुन्हा प्यायला लागले. तेव्हा मी मनात त्यांच्या निश्चयालाच दोष दिला. त्याला आधारही होता. सेमिनरीत ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावर मी निबंध लिहिला होता: हातातून सुटलेला दगड परत घेता येत नाही, पण तो फेकणे आपल्याच हाती होते, सवयीचेही तसेच. युक्तिवाद आजही मला पटतो. फक्त त्यात माणूस एकटाच उभा आहे.

ते गृहस्थ एकटे नव्हते. घर वीस वर्षे त्यांच्या पिण्याच्या मापाने झिजले होते. पत्नी पैसे तांदळाच्या डब्यात लपवायची, ती लपवतच राहिली. मुलगा वडिलांशी एक शब्द बोलत नसे, तो गप्पच राहिला. संध्याकाळी त्यांना दहा मिनिटे उशीर झाला की सगळे तोंडाचा वास घ्यायचे. माणूस नवा आला होता, पण त्याच्यासाठी घरात जागा जुनीच होती.

मग दोष घरच्यांचा? इथे माझी चेनची उपमा तुटते, आणि तुटलेलीच बरी. स्प्रॉकेट भंगारात टाकता येते, बायकोमुलांना नाही. शिवाय ते दाते झिजले कशाने? त्याचाच भार ओढून. ज्या बाईने वीस वर्षे सोसले तिलाच "आता तुम्हीही बदला" म्हणणे मला अन्याय वाटत आले आहे. आजही वाटते. पण दोष कोणाचा, हा एक प्रश्न आणि काम कोणाला करावे लागणार, हा दुसरा. मी दोन्हींचे उत्तर एकच धरून चाललो होतो. तिचा दोष नव्हता म्हणून तिच्याशी बोलायचीही गरज नाही, असे मानून मी तिला मोकळीच सोडली. खरे तर एकटी सोडली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस १९३५ मध्ये सुरू झाली आणि कुटुंबीयांसाठीची वेगळी अल-अनॉन १९५१ मध्ये. म्हणजे हे शहाणपण मला सुचण्याच्या कितीतरी आधी जगात होते. मी त्या बाईंना त्याचा पत्ताही दिला नाही.

मेकॅनिकने दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन असा पूर्ण सेट बसवला. लॉकच्या क्लिपचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवले आणि चाक हाताने फिरवून पाहिले. मी निघालो तेव्हा म्हणाला, "फादर, पाचशे किलोमीटर झाले की या. नवी चेन सुरुवातीला थोडी सैल पडते, ताण बघून देतो."

एकशे ऐंशी झाले आहेत. त्या बाईंचे गाव त्याच रस्त्यावर पुढे आहे.