योसेफाचा पाचवा हिस्सा आणि आमची कणगी

(मननासाठी शास्त्रभाग : उत्पत्ती, अध्याय ४१ व ४७)



कापूसवेचणीच्या दिवसांत घाटंजी तालुक्यातील एका गावी मंडळीच्या भेटीसाठी आमचे जाणे झाले. एका विश्वासू कुटुंबाच्या घरी आम्ही प्रार्थनेस बसलो. भाव चढेल या आशेने त्यांनी कापूस विकला नव्हता. त्याची रास आढ्यास टेकली होती आणि चटई टाकण्यापुरतीच जागा उरली होती. प्रार्थना संपल्यावर घरच्या बाईने आम्हांस जेवून जाण्याचा आग्रह केला व मागच्या दाराने मुलीला शेजारी धाडिले. ती पातेल्यात तांदूळ उसने घेऊन परतली, हे आमच्या दृष्टीस पडले. पाच एकरांचा धनी, घर पिकाने भरलेले, आणि ताटासाठी तांदूळ उसना! तो घास आमच्या गळ्याखाली सहज उतरला नाही. त्याच रात्री आम्ही योसेफाची गोष्ट पुन्हा काढून वाचली.

तिचा पूर्वार्ध तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. मिसर देशात सात वर्षे सुकाळ व सात वर्षे दुष्काळ येणार, हे देवाने फारोला स्वप्नात दाखविले, आणि योसेफाने सुकाळातच पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात ठेवविला. त्यामुळे लाखो जीव वाचले. परंतु उत्तरार्ध आम्ही क्वचितच वाचितो. कोठार फारोचे होते, शेतकऱ्याचे नव्हते. दुष्काळ पडताच लोकांनी धान्यासाठी आधी पैसा दिला, मग गुरे दिली, मग वावरे दिली, आणि शेवटी आपली शरीरेही गहाण टाकिली. ते जगले खरे. पण ज्या जमिनीचे ते धनी होते, तिच्यावरच फारोचे कूळ होऊन राहिले, आणि पिकाचा पाचवा हिस्सा त्यांच्या माथी कायमचा बसला. ज्याच्या घरी दाणा नाही, त्याचे वावर फार दिवस त्याचे राहत नाही, हाच या अध्यायाचा इशारा आहे.

बंधुजनहो, ही केवळ मिसरची गोष्ट नव्हे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला, आणि विलायतेच्या गिरण्यांनी आमच्या काळ्या मातीकडे डोळे लाविले. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी शिरली. १८९९-१९०० च्या दुष्काळात कापसाच्या या मुलखात माणसे अन्नावाचून मेली. पुढे कापूस बाहेर नेण्यासाठी यवतमाळ ते मूर्तिजापूर अरुंद आगगाडीही धावू लागली. बंगाल्यात १९४३ साली लाखो लोक उपाशी मेले, तेव्हाही अन्न देशातून नाहीसे झाले नव्हते. ते विकत घेण्याचे बळ गरिबाच्या हातून नाहीसे झाले होते.

स्वातंत्र्यानंतर ज्वारीला पुन्हा बरे दिवस आले. आमच्याच जिल्ह्यातील गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ पर्यंत राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या काळात संकरित ज्वारीचा प्रसार झाला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांनी अनेकांच्या चुली पेटत्या ठेविल्या. परंतु त्याच सुमारास सरकारची एकाधिकार कापूस खरेदीही सुरू झाली, आणि २००२ साली बीटी बियाण्यास परवानगी मिळाली. कापसास नगद पैसा होता, ज्वारीस तसा नव्हता. बांधामागून बांध पांढरा होत गेला. कर्जाने गांजून शेतकरी आत्महत्या करू लागले, तेव्हा २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. व्याजाचा हिशेब झाला. ताटाचा हिशेब मात्र राहून गेला.

ज्वारी गेली, ती एकटी गेली नाही. तिच्याबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गुरे गेली, गुरांबरोबर दूध व शेणखत गेले. तणनाशक आले, तेव्हा बांधावरची घोळ, चिवळ व तरोट्याची भाजी गेली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आमच्या राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आढळले, आणि पाच वर्षांखालील १०० बालकांपैकी सुमारे ३५ बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. ही आमचीच लेकरे होत.

कोणी म्हणेल, रेशनचे धान्य आहे ना? आहे, आणि ते भीक नव्हे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने ते हक्काचे झाले आहे : अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो, इतर पात्र कुटुंबांस माणशी ५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य मिळते. ते मान ताठ ठेवून घ्यावे, व कोणाचे नाव यादीतून गळाले असेल तर उपदेशक बंधूंनी त्यास तहसील कचेरीत सोबत न्यावे. परंतु ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. त्यात डाळ नाही, भाजी नाही, दूध नाही. शिवाय कोठार दुसऱ्याचे आहे, हे विसरू नये. २०१५ पासून आमच्यासह १४ जिल्ह्यांतील, दारिद्र्यरेषेवरच्या केशरी शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांस स्वस्त धान्य मिळत असे. २०२३ साली त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये देण्याचे ठरले. रुपया चुलीवर शिजत नाही. तो दुकानाच्या भावाप्रमाणे कमीजास्त होतो.

यास्तव आमची विनंती अशी की, योसेफाचा पाचवा हिस्सा आम्ही आपल्याच कणगीसाठी राखावा. पाच एकर असतील तर एक एकर ज्वारी, तूर व मूग यांस द्यावा, आणि ते धान्य घरी खाण्यासाठीच ठेवावे.

पाखरे, रोही आणि रानडुकरे ज्वारी राहू देत नाहीत, असे तुम्ही म्हणाल. हे खरे आहे. गावात एकच वावर ज्वारीचे असले, तर सारी पाखरे त्याच्यावरच उतरतात. पण मंडळीच्या दहा घरांनी एकाच शिवारात, एकाच आठवड्यात पेरले आणि पाळीने जागली केली, तर नासाडी वाटली जाते व राखणही वाटली जाते. एकट्याने जे निभत नाही, तेच करण्यासाठी प्रभूने आम्हांस मंडळी करून ठेविले आहे.

आमच्यातील पुष्कळांस तर वावरच नाही. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात देवाने शेताच्या धन्यास आज्ञा केली की, विसरलेली पेंढी परदेशी, पोरके व विधवा यांच्यासाठी राहू द्यावी. ज्या बंधूस वावर आहे, त्याने मजुरीचा काही भाग ज्वारीत द्यावा, आणि ही आज्ञा पाळावी. अंगणात शेवग्याचे एक झाड व अंबाडीचा वाफा तर प्रत्येकास लाविता येतो.

आता घरातल्या पंक्तीविषयी. करिंथ येथील मंडळीत एक जण तृप्त व दुसरा उपाशी राही, म्हणून पौलाने त्यांस कडक बोल लाविला. आमच्या घरी शेवटी कोण जेवते? बहुधा घरची आईच; आणि पोटुशी असली तरी तीच. हे ख्रिस्ती घरास शोभत नाही. पोटुशी व अंगावर पाजणारी बाई पहिल्या पंक्तीस बसावी. आदिवासी भागातील अंगणवाडीत अशा बायांस २०१५ पासून अमृत आहार योजनेत एक वेळचे ताजे जेवण मिळते. त्यास तिला लाजू देऊ नये.

उपदेशक बंधूंनो, मृगाच्या पेरणीआधी हा शास्त्रभाग मंडळीत वाचावा, आणि प्रार्थनागृहात एक डबा ठेवावा. प्रत्येक घराने स्वयंपाकापूर्वी मूठभर धान्य बाजूस काढून रविवारी त्यात घालावे. ते गावातील दुबळ्या आईकडे जावे, मग ती कोणत्याही जातीची वा धर्माची असो.

प्रभूने आपल्या शिष्यांस जी प्रार्थना शिकविली, तीत त्याने आजच्या भाकरीचे मागणे घातले, आणि ते ‘आम्हांस’ म्हणून घातले. ज्या तोंडाने ते मागणे आपण दररोज करितो, त्याच्या हातांनी यंदा एक एकर भाकरीसाठी पेरावा. तसे करण्यास तो दयाळू पिता आम्हांस बुद्धी व बळ देवो. आमेन.