मध्यस्थ की गिऱ्हाईक?

तलवाड्यात त्वरितादेवीच्या देवळाबाहेर मामा-भाचे बोलत बसलेले. मामा निवृत्त तलाठी. भाच्याचं कृषी सेवा केंद्र, आणि जोडीला प्लॉट घेऊन विकायचा नाद.

भाचा : मामा, महारेराचा एजंट परवाना काढावा म्हणतो. दलालाला दोन-दोन टक्के किती दिवस मोजायचे?

मामा : स्वतःसाठी घेतोस, स्वतःचं विकतोस. त्याला परवाना कशाला? २०१६ च्या रेरा, म्हणजे घर-प्लॉटच्या व्यवहारांच्या कायद्यात एजंट म्हणजे दुसऱ्याचा व्यवहार जमवून मोबदला घेणारा.

भाचा : पण फी दहा हजार, मुदत पाच वर्षांची. प्रशिक्षण आणि परीक्षेच्या निमित्तानं कायदा तरी कळंल.

मामा : कळू दे की. पण गेवराईकडच्या कोरडवाहू रानाला रेरा लागत नाही. नोंदणी झालेल्या स्कीममधले फ्लॅट-प्लॉट, तेवढंच त्याचं राज्य.

भाचा : खरं सांगू? एजंट म्हटलं की विकणारा आधी आपल्याकडं येतो.

(आता पोटातलं ओठावर आलं. दलाली वाचवायची भाषा तोंडदेखली. या धंद्यात आधी कानावर पडलेली बातमी हेच भांडवल.)

मामा : समज, वस्तीवरची काकू सातबारा घेऊन आली. पोरीचं लग्न तोंडावर. रान रस्त्याला लागून, एकराला वीस लाख सहज येतील. ती पंधराला तयार. काय करशील?

भाचा : मीच घेईन. स्वस्तात घ्यायला कोण बघत नाही? त्यात चोरी काय?

मामा : गिऱ्हाईक म्हणून गेलास तर काहीच नाही. घासाघीस कर, तीही चार ठिकाणी विचारील. पण ‘काकू, मी बघतो तुमच्यासाठी’ म्हणालास की ती विचारायची थांबते. तिच्या त्या थांबण्यावर तू एकरामागं पाच लाख कमावणार.

भाचा : परवाना नसला तरी हे लागू?

मामा : नसला तरी. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २१५ वाच. मालकाला न सांगता मध्यस्थानं स्वतःसाठीच सौदा केला आणि त्यात महत्त्वाची गोष्ट लबाडीनं लपवली किंवा मालकाचं नुकसान झालं, तर मालक तो मोडू शकतो. रानालाही हेच.

भाचा : आणि सगळं सांगून घेतलं तर?

मामा : भाव वीसचा आहे आणि घेणारा मीच, दोन्ही सांग. मग पंधराला देईल?

भाचा : कशाला देईल! मग परवान्यातून मला उरलं काय?

मामा : दलाली. ती पुरत असेल तर काढ. नाहीतर गिऱ्हाईकच राहा, पण मग काकूला तोंडावर सांग की मी घेणारा आहे, भाव दुसरीकडं विचारा. आणि हौसेनं कुणाला संभाजीनगरातल्या स्कीमचे फ्लॅट विकून द्यायला जाऊ नकोस; नोंदणी नसलेल्या एजंटाला दिवसाला दहा हजार दंड आहे.