रस्ट शिकून काय उजेड पाडणार आहेस?

बसू नकोस, उभाच राहा. लॅपटॉप इकडे कर. ऑगस्टमध्ये प्रोजेक्टला पायथॉन घेतलंस. दिवाळीनंतर ‘सर, गो जास्त फास्ट आहे’ म्हणत सगळं पुन्हा लिहायला बसलास. आता फेब्रुवारी उजाडला आणि म्हणतोस, रस्टमध्ये करतो. एप्रिलमध्ये बाहेरचे परीक्षक येतील, त्यांच्यापुढे काय ठेवणार? तीन भाषांतली तीन अर्धवट फोल्डरं? एक ना धड, भाराभर चिंध्या!

पायथॉन स्लो आहे म्हणे. कोणी सांगितलं? कुठल्या तरी व्हिडिओत रंगीत पट्ट्या पळताना पाहिल्यास आणि पायथॉनची पट्टी मागे राहिली, एवढंच ना? तुझ्या प्रोग्रामचा वेळ नेमका कुठे जातो, ते मोजलंस का? सीप्रोफाइल पायथॉनबरोबर फुकट येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. एकदाही चालवलं नाहीस. मान खाली घालू नकोस, स्क्रीनकडे बघ.

हे काय लिहिलंयस? पावसाच्या दोन लाख नोंदी, आणि प्रत्येक नोंदीतल्या गावाचं नाव शोधायला ४० हजार गावांची यादी पहिल्यापासून चाळतोस! सरासरी २० हजार नावं तपासल्यावर एक गाव सापडणार. म्हणजे सगळ्या मिळून ४०० कोटी तुलना. गावांची डिक्शनरी एकदाच तयार केली असतीस, तर प्रत्येक नोंदीमागे हॅशवरून थेट जागेवर पोचला असतास. दोन लाख शोधांना सेकंदभरही लागला नसता. दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स मीच शिकवलंय तुला. तेव्हा मागच्या बाकावर काय करत होतास?

हो, गोमध्ये हेच लवकर उरकलं, मान्य. मूर्खपणा लवकर उरकला म्हणून शहाणपणा होत नाही. उद्या गावंही दहापट आणि नोंदीही दहापट झाल्या की काम शंभरपट वाढेल. मग कुठली भाषा शोधणार आहेस?

भाषा निवडायची तर ती कशासाठी घडवली ते आधी बघावं. रस्ट मोझिलाच्या छत्राखाली वाढली, २०१५ साली तिची १.० आवृत्ती आली. ब्राउझरसारख्या अवाढव्य प्रोग्राममध्ये मेमरीची एक चूक म्हणजे चोराला उघडं दार, म्हणून तिथला कंपायलर प्रत्येक व्हेरिएबलची मालकी विचारतो. तुला एक फाइल वाचायची आहे आणि नकाशा काढायचा आहे. तुझ्या घरी चोर येतोय कशाला? गो गुगलने २००९ मध्ये जाहीर केली, ती एकाच वेळी असंख्य विनंत्या झेलणाऱ्या सर्व्हरसाठी उत्तम. तुझ्याकडे विनंती करणारा एकटा मीच आहे.

आणि सोपेपणा म्हणजे तुला एकट्याला काय आवडतं ते नव्हे. गटातल्या दोघींनी पायथॉनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये आलेख केव्हाच करून ठेवलेत. त्यांना रस्ट येत नाही. तू सहा आठवडे कंपायलरशी भांडत बसलास, तर त्यांनी काय करायचं? तू वाचवलेले सेकंद मोजतोस, त्यांचे आठवडे कोण मोजणार?

‘पण नमपाय...’ काय पण? बोल मोठ्याने. हां, पायथॉनचीच लायब्ररी असून नमपाय फास्ट आहे. का आहे? पायथॉनच्या लूपमध्ये प्रत्येक आकडा स्वतंत्र ऑब्जेक्ट असतो, प्रत्येक बेरजेआधी त्याचा प्रकार तपासावा लागतो. नमपाय तेच आकडे मेमरीत एकाला एक लागून ठेवतं आणि लूप सीमध्ये फिरवतं. मॅट्रिक्सच्या गणितासाठी तर ते ज्या लॅपॅक लायब्ररीवर टेकतं, ती मुळात फोरट्रानमध्ये लिहिलेली. फोरट्रान १९५७ची! वरून सोपं, खालून वेगवान, अशी दोन मजली व्यवस्था तुझ्या लॅपटॉपमध्ये आयती आहे आणि तू पाया खणायला निघालायस.

आता एका ठिकाणी तुझं बरोबर आहे, तेही ऐक. डोंगरउतारावरून पाणी कसं वाहत येतं, तो भाग. तिथे नकाशातल्या वरच्या चौकोनाचा हिशेब झाल्याशिवाय खालच्याचा होत नाही, म्हणून नमपायला सगळे चौकोन एका फटक्यात देता येत नाहीत. लूप लिहावाच लागतो, आणि तिथे पायथॉन खरोखर रांगतं. ही तक्रार घेऊन आला असतास, तर मी चहा पाजला असता. त्या एका फंक्शनच्या डोक्यावर पायथॉनच्याच नंबाची एक ओळ लाव, ते मशीन कोडमध्ये उतरेल. नवीनच प्रोजेक्ट असता, तर ज्युलिया ही भाषा घे म्हणालो असतो. आपल्या विरल शाह यांच्यासह चौघांनी २०१२ मध्ये ती पुढे आणली, ती याच दुखण्यासाठी: आधी सोप्या भाषेत लिहा, मग वेगासाठी सीमध्ये पुन्हा लिहा, हा दुहेरी जाच नको म्हणून. नंबा, ज्युलिया आणि तुझी ती लाडकी रस्ट, तिघींच्याही पोटात मशीन कोड बनवणारं एलएलव्हीएमच आहे. हे त्या व्हिडिओत सांगितलं नाही वाटतं?

सोमवारी दहा वाजता ये. डिक्शनरी घालून, नंबा लावून, सीप्रोफाइलचे आधीचे आणि नंतरचे आकडे छापून आण. त्या दोघींनाही घेऊन ये. आकडे न आणता रस्टचं नाव काढलंस, तर टर्मवर्कवर सही होणार नाही. आणि ऑगस्टमधला पायथॉनचा कोड गिटवर आहे ना? की तोही उडवलास?