अर्ध्या तासाचे मोल

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ अशी एक जुनी मराठी म्हण आहे. खऱ्या भुकेला कोंड्याची भाकरही गोड लागते आणि खऱ्या थकव्याला दगडाची उशीही पुरते, असा तिचा अर्थ. म्हण खोटी नाही; परंतु ती कोण कोणाला सांगतो, यावर तिचे नैतिक मूल्य ठरते. विरक्ताने ती स्वतःस सांगितली तर तो संयम होय. गादीवर निजणाऱ्याने ती धोंड्यावर निजणाऱ्यास सांगितली, तर ती एका विषमतेची सोयीस्कर सबब होते. कष्टकऱ्याला झोप आपोआप आणि भरपूर मिळते, या समजुतीवर सुखवस्तू समाजाचे पुष्कळसे मनःस्वास्थ्य विसावलेले असते.

या समजुतीला चेन्नईतील एका संशोधनाने धक्का दिला. श्रमिकांची कार्यक्षमता, त्यांची निर्णयशक्ती आणि त्यांची निद्रा यांचा परस्परसंबंध शोधण्यासाठी बेसोने, राव, शिलबाख, स्कोफील्ड आणि टोमा या अभ्यासकांनी त्या शहरातील ४५२ अल्प उत्पन्नाच्या प्रौढ व्यक्तींना सुमारे महिनाभर संगणकावर माहिती भरण्याचे काम दिले. प्रत्येकाच्या मनगटावर निद्रेची नोंद घेणारे यंत्र बांधले होते. ही माणसे रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर असत. त्यांपैकी झोप मात्र सरासरी साडेपाच तासांचीच होती, आणि तीही सतत मोडणारी. उकाडा, डास, गोंगाट, उजेड आणि दाटीवाटीची घरे यांनी रात्रीचे तुकडे केलेले होते. निद्राविकाराच्या रुग्णांची झोप जितकी विस्कळीत असते, तितकी या निरोगी माणसांची होती. धोंडा होता, नीज नव्हती.

संशोधनाचा पुढचा भाग अधिक विचार करावयास लावणारा आहे. काहींना झोपेविषयी माहिती व उत्तेजन देण्यात आले आणि घरातील निजण्याची सोय सुधारणारी साधने पुरविण्यात आली. त्यामुळे त्यांची रात्रीची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढली. तज्ज्ञांचे भाकीत असे होते की, आता कामाचा उरक वाढेल आणि निर्णय अधिक सुज्ञ होतील. २०२१ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष निराळे निघाले. आकलन, उत्पादकता, निर्णय, स्वास्थ्य यांपैकी कशावरही त्या २७ मिनिटांचा परिणाम आढळला नाही. उलट कामाचे तास किंचित घटले. याच प्रयोगात काहींना दुपारी कामाच्या जागीच अर्ध्या तासापर्यंत डुलकी घेण्याची मुभा होती. त्यांच्या कामाची गती, त्यांचे आकलन आणि मनःस्वास्थ्य मात्र सुधारले. तरीही जो अर्धा तास निजला, त्याची कमाई तो वेळ नुसता बसून काढणाऱ्यापेक्षा अधिक, पण त्या वेळातही काम करीत राहणाऱ्यापेक्षा कमी भरली. कारण निजलेला वेळ कामातून वजा झाला होता.

व्यवस्थापनाच्या रूढ हिशेबवहीत ही नोंद केली, तर उत्तर सरळ आहे. रात्रीच्या झोपेवर केलेला खर्च वसूल होत नाही. दुपारची डुलकी गती वाढविते, पण वेळ खाते. म्हणजे दोन्ही ठिकाणी निद्रा खर्चाच्या बाजूला पडते. येथेच नैतिक प्रश्न उभा राहतो. माणसाने चांगले निजावे, हे सिद्ध होण्यासाठी त्या निजेतून काही उत्पन्न होणे आवश्यक आहे काय? आणि उत्पन्न होत नसेल, तर तो आपला हक्क गमावतो काय?

या प्रश्नाचा दोष संशोधनाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्या अभ्यासकांनी स्वास्थ्यही मोजले होते आणि अपेक्षेविरुद्ध निघालेले उत्तर प्रामाणिकपणे मांडले होते. शिवाय अशा मोजमापांनी गरिबांवरचे जुने कलंक पुसल्याचीही उदाहरणे आहेत. तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी कापणीपूर्वी आणि कापणीनंतर घेण्यात आली, तेव्हा पैशाच्या ओढगस्तीच्या काळात त्याच माणसांची आकलनशक्ती मंदावलेली आढळली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने, दारिद्र्य हे मंद बुद्धीचे फळ आहे, या समजुतीला उत्तर दिले. चिंता बुद्धीचा मोठा वाटा खाऊन टाकते, हे दाखविणे म्हणजे निंदेच्या जागी न्याय आणणेच होय. तेव्हा मापन त्याज्य नाही. कळीचा मुद्दा असा की, मापन हे एखाद्या मागणीचे साधन असावे की तिचे अधिष्ठान.

या संदर्भात भाषेची साक्ष घेण्याजोगी आहे. भोजनोत्तर डाव्या कुशीवर पडण्याला मराठीत ‘वामकुक्षी’ असा भारदस्त शब्द आहे. तो घरंदाज ओसरीवरचा शब्द आहे. तीच क्रिया गोदामातील हमालाने पोत्याला टेकून केली की ती ‘झोपा काढणे’ होते. विश्रांती एकीकडे संस्कृती ठरते आणि दुसरीकडे कामचुकारपणा. देह तोच आणि दुपारही तीच. बदलते ती त्या वेळेवरची मालकी.

ही मालकी किती टोकाला जाऊ शकते, याचे उदाहरण फ्रेडरिक टेलरच्या १९११ च्या ‘शास्त्रीय व्यवस्थापना’त सापडते. बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात एक मजूर रोज साडेबारा टन लोखंड उचलीत असे. टेलरच्या पद्धतीने तो सत्तेचाळीस टन उचलू लागला आणि त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. या पद्धतीचे मर्म विश्रांतीच्या वाटपात होते. केव्हा उचलावे आणि केव्हा टेकावे, हे देखरेख करणारा सांगत असे. मजुराला विसावा मिळाला, हे खरे. पण तो त्याचा नव्हता. यंत्राला तेल घालावे तशी ती विश्रांती होती.

याउलट दुपारच्या अर्ध्या तासाची एक वेगळी परंपरा मराठी समाजाच्या इतिहासात आहे. जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा भरविली. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनी जे निवेदन सिद्ध झाले, त्यात दर रविवारी सुटी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती या मागण्या होत्या. १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली; १८९१ च्या कायद्याने दुपारच्या अर्ध्या तासाला आणि साप्ताहिक सुटीला आधार दिला. मद्रासमध्येही पेरांबूरच्या बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांतील कामगारांची एक प्रमुख तक्रार दुपारच्या अपुऱ्या सुटीची होती. एप्रिल १९१८ मध्ये बी. पी. वाडिया यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या मद्रास लेबर युनियनच्या मुळाशी ती होती. अर्ध्या तासाने सुताचे उत्पादन वाढेल की घटेल, यावर ही मागणी अवलंबून नव्हती. चात्याजवळ उभा असलेला जीव माणूस आहे, एवढाच तिचा आधार होता.

यावर एक व्यवहारी आक्षेप संभवतो. मालकाला माणुसकीपेक्षा नफ्याची भाषा लवकर कळते. मग विश्रांती फायद्याची आहे, असे सांगून ती मिळवून देण्यात गैर काय? गैर काही नाही; धोका आहे. फायद्याच्या आधारावर मिळालेली गोष्ट फायदा संपताच काढून घेता येते. चेन्नईच्या प्रयोगात २७ मिनिटांना काहीच ‘फळ’ आले नाही. झोपेचा दावा केवळ फळावर उभा असता, तर तो तेथेच निकालात निघाला असता. शिवाय जितके काम तितका दाम, अशी पद्धत जिथे असते, तिथे मुकादमाचीही गरज उरत नाही. अर्धा तास निजल्याने किती पैसे बुडाले, हे मजूर स्वतःच मोजू लागतो. मुकादमाचा डोळा चुकविता येतो; मनात शिरलेल्या हिशेबाला कसे चुकवावे?

याच कारणाने २०२१ सालचीच दुसरी एक घटना लक्षणीय ठरते. त्या वर्षी तमिळनाडूने दुकाने व आस्थापनांविषयीच्या कायद्यात सुधारणा करून कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे बंधनकारक केले. दिवसभर उभे राहणाऱ्या विक्रेत्या स्त्री-पुरुषांना बसता यावे, यासाठी कायदा करावा लागला, ही लाजेची गोष्ट. परंतु बसल्याने विक्री वाढते, असा पुरावा कायद्याने मागितला नाही, ही समाधानाची. पाय दुखतात, हे कारण पुरेसे मानले गेले.

चेन्नईच्या अभ्यासकांना वाढलेली झोप निष्फळ का ठरली, याचे एक संभाव्य कारण तिच्या दर्जात दिसले. तुटक, अस्वस्थ निजेची मिनिटे वाढली, तरी तिचा दर्जा सुधारतोच असे नाही. हे खरे असेल, तर प्रश्न कचेरीतून उठून वस्तीत जातो. हवा खेळेल अशी खोली, डासांविना रात्र आणि मध्यरात्री शांत होणारा रस्ता या गोष्टी कोणत्याही एका व्यवस्थापकाच्या हातातल्या नाहीत. त्या शहराने मिळून ठरवावयाच्या आहेत. जुन्या म्हणीतला धोंडा निसर्गाने ठेवला, असे आजवर मानले गेले. तो माणसांनी ठेवला आहे, हे एकदा मान्य केले, की तो उचलण्याआधी त्यातून किती नफा होईल, हे विचारण्याचा अधिकार कोणालाच राहत नाही.